पडद्यापासून कानापर्यंत

प्लेनर मॅग्नेटिक हेडफोनचं सारं सौंदर्य एका पातळ पडद्यात असतं. नेहमीच्या डायनॅमिक हेडफोनमध्ये घुमटाकार पडद्यामागे तारेचं वेटोळं चिकटवलेलं असतं. वेटोळं हलतं आणि पडद्याला बरोबर ओढतं. पडद्याची कड आणि मध्य एकाच क्षणी हलतील याची खात्री नसते. प्लेनरमध्ये वेगळं वेटोळं नाहीच. धातूच्या नागमोडी पट्ट्या पडद्यावरच उमटवलेल्या असतात, लगतच चुंबकांच्या रांगा असतात, आणि प्रवाह सुरू झाला की पडद्याच्या जवळजवळ सगळ्या अंगावर एकदम जोर पडतो. यामाहाने १९७६ साली याच तत्त्वावरचा एचपी-१ बाजारात आणला होता. त्याला रूप दिलं होतं मारिओ बेलिनी या इटालियन डिझायनरने. पुढे ही जात मागे पडली आणि २००९च्या सुमारास ऑडीझी, हायफायमॅन या कंपन्यांनी तिला पुन्हा मानाचं स्थान मिळवून दिलं.

फॉस्टेक्सने मात्र मधल्या काळातही तिची साथ सोडली नाही. या जपानी कंपनीचा टी५०आरपी मार्क ३ हा स्टुडिओतल्या कामासाठी बनवलेला, दिसायला अगदी साधा हेडफोन. काळं प्लॅस्टिक, चौकोनी कप, पॉलिइमाइडच्या फिल्मवर तांब्याच्या पट्ट्या उमटवलेला पडदा. महागड्या प्लेनरच्या मानाने तो स्वस्त आहे. तरीही रसग्रहणासाठी मी मुद्दाम हाच निवडतो, कारण त्याचा पडदा उत्तम आहे आणि त्याच्याभोवतीचं बाकी सगळं बदलण्यासारखं आहे. त्याच्या कपांत कापूस, फेल्ट, चिकणमाती भरून, पॅड बदलून कितीतरी हौशी लोकांनी त्याला नवा आवाज दिला. आज डॅन क्लार्क ऑडिओ या नावाने ओळखली जाणारी अमेरिकी कंपनीही आधी मिस्टर स्पीकर्स या नावाने याच हेडफोनवर संस्कार करून विकत होती.

त्याच्यावर झिया मोहिउद्दीन डागरांची रुद्रवीणा ऐकावी. डागरांनी आपल्या वीणेचे भोपळे मोठे करून घेतले होते, दांडीही जाड करून घेतली होती. त्यांना मंद्राच्याही खालचा गंभीर, लांबणारा नाद हवा होता. पनवेलजवळ पळस्पे इथे त्यांचं गुरुकुल होतं. त्यांच्या आलापीत एक स्वर छेडला जातो आणि नंतर बराच वेळ तो फक्त खेचला जातो, वळवला जातो, विझत जातो. विझत जाणाऱ्या त्या स्वरातल्या श्रुती नीट ऐकू येणं ही हेडफोनची खरी कसोटी. टी५०आरपीचा पडदा इथे मान उंच करून उभा राहतो. खालचा स्वर फुगत नाही, पसरत नाही. मींड घेताना तार कुठून कुठे गेली याची रेघ कानात स्पष्ट उमटते. तबल्यातही तेच. डग्ग्यावर मनगट सरकवून काढलेला घुमारा पुष्कळ हेडफोनवर नुसता ‘गुंम्’ होतो. इथे तो चढतो आणि उतरतो.

आता ॲम्प्लिफायर. प्लेनर म्हटलं की मोठा ॲम्प हवा, असं सरसकट सांगितलं जातं. त्यात तथ्य आहे, पण ते तथ्य मोजता येतं आणि मोजूनच घ्यावं. या हेडफोनला १ मिलिवॉट दिला की ९२ डेसिबल आवाज मिळतो, आणि त्याचा अवरोध ५० ओहम आहे. आपण ख्याल ऐकतो तेव्हा सरासरी आवाज ७५-८० डेसिबलच्या आसपास असतो; तबल्याची थाप त्याहून वीसेक डेसिबल वर उडी मारते. थोडी मोकळी जागा ठेवून ११० डेसिबलची शिखरं धरू. म्हणजे ९२च्या वर १८ डेसिबल. दर १० डेसिबलला शक्ती दसपट लागते, या हिशेबाने साधारण ६३ मिलिवॉट. ५० ओहममध्ये एवढी शक्ती घालायला १.८ व्होल्ट आणि ३५ मिलिअँपिअर पुरतात. फोनला लावायचा १ व्होल्टचा डॉन्गल २० मिलिवॉट देतो, म्हणजे शिखरं १०५ डेसिबलपर्यंत जातात. रात्री शांत खोलीत ऐकणाऱ्याला तेवढंही चालून जाईल. हळू आवाजात ध्वनिमुद्रित केलेल्या जुन्या मैफली ऐकायच्या असतील तर मात्र तोकडं पडेल. टेबलावरचा साधा, स्वच्छ, ट्रान्झिस्टरचा छोटा ॲम्प हे काम आरामात करतो.

हायफायमॅनचा एचई-६ घेतला तर चित्र पालटतं. त्याचाही अवरोध ५० ओहमच, पण १ मिलिवॉटला तो ८३.५ डेसिबलच देतो. त्याच ११० डेसिबलसाठी त्याला साधारण ४५० मिलिवॉट लागतात, म्हणजे पावणेपाच व्होल्टच्या जवळपास आणि ९५ मिलिअँपिअर. फॉस्टेक्सच्या सातपट भूक. म्हणूनच लोक त्याला चक्क स्पीकरच्या ॲम्पवर जोडत आले. ॲम्पच्या माहितीपत्रकात बहुधा ३२ ओहमचा आकडा ठळक असतो. ३२ ओहमला १ वॉट देणारा ॲम्प म्हणजे ५.७ व्होल्ट, तोच ५० ओहमला ०.६४ वॉट देईल. म्हणजे एचई-६लाही पुरला. ॲम्पचं वजन किंवा किंमत बघून जे कळत नाही ते एवढ्या गुणाकार-भागाकारातून कळतं.

शक्ती पुरली की ॲम्पचा प्रश्न माझ्या लेखी जवळजवळ संपतो. हे मत अनेकांना रुचणार नाही, म्हणून त्याचं कारण नीट मांडतो. डायनॅमिक हेडफोनचा अवरोध स्वरागणिक बदलतो. सेनहायझरचा १९९७ सालचा एचडी ६०० बघा. कागदावर ३०० ओहम, पण शंभर हर्ट्झच्या आसपास तो ५०० ओहमच्या वर चढतो. ज्या ट्यूब ॲम्पचा स्वतःचा निर्गम अवरोध मोठा आहे, त्याच्यावर हा हेडफोन लावला की तेवढ्या पट्ट्यात जास्त व्होल्टेज हेडफोनच्या वाट्याला येतं आणि खालचा आवाज गुबगुबीत होतो. लोक ज्याला ट्यूबची ऊब म्हणतात, तिचा मोठा हिस्सा इथून येतो आणि ती सुंदर असते यात शंका नाही. प्लेनरचा अवरोध मात्र सगळ्या स्वरांना जवळजवळ सारखाच राहतो. त्यामुळे निर्गम अवरोध मोठा असला तर सगळा आवाज सारखा खाली येतो, रंग बदलत नाही. १०० ओहमच्या ट्यूब ॲम्पवर ५० ओहमचा प्लेनर लावला तर दोन तृतीयांश व्होल्टेज ॲम्पच्या पोटातच राहतं, आणि जी ऊब घ्यायला गेलो ती मिळतच नाही. शिवाय ट्रान्सफॉर्मर नसलेल्या ट्यूब ॲम्पकडे द्यायला प्रवाह कमी असतो. प्लेनरवर ट्यूब ऐकायचीच असेल तर निर्गमाला ट्रान्सफॉर्मर असलेला ॲम्प घ्यावा.

बॅलन्स्ड जोडणीचा प्रश्नही शक्तीपुरताच. तिच्यात व्होल्टेज दुप्पट मिळू शकतं, आणि ॲम्पला तेवढा प्रवाह झेपला तर शक्ती चौपट. एचई-६ला ती कामाची. फॉस्टेक्सला तिच्यावाचून काही अडत नाही.

पॅड ही मात्र वेगळी गोष्ट आहे. पॅड हा वाद्याचा भाग आहे. वीणेला भोपळा असतो तसा पडद्याला पॅड. पडदा, पॅडची आतली भिंत आणि आपला कान यांच्यामध्ये जी मूठभर हवा कोंडली जाते, तिच्यातच आवाज घडतो. तिथली जाडी, सामान, शिवण, एखादी फट, सगळं ऐकू येतं.

पॅडचा हा परिणाम पारखण्यासाठी मी तानपुरा लावतो. पुरुषी तानपुरा काळी एकला जुळवला की जोडीच्या तारा १३९ हर्ट्झच्या जवळ आणि खर्ज त्याच्या निम्म्यावर, ६९ हर्ट्झच्या आसपास येतो. त्या एका खर्जावर जवारीमुळे वरच्या स्वरांची केवढी तरी आतषबाजी उठते. हेडफोनची तळापासून टोकापर्यंतची झडती एकाच झंकारात होते.

टी५०आरपीबरोबर येणारे पॅड पातळ असतात. कानाची पाळी आतल्या भागाला टेकते, थोड्या वेळात कान दुखतो, आणि खर्जाचं अंग उतरलेलं वाटतं. स्वर कळतो, मूळ स्वर क्षीण असला तरी वरच्या स्वरांवरून मेंदू त्याची जागा ओळखतो. पण त्याचं वजन कानाला जाणवत नाही. तानपुरा आहे हे समजतं, तो मांडीवर घेतल्यासारखा वाटत नाही.

जाड, आतून पोकळ, मेंढीच्या कातड्याचं पॅड चढवलं की पहिला बदल खर्जात होतो. कारण सोपं आहे. पडदा पुढे जातो तेव्हा मागची हवा विरळ होते. खालच्या स्वरांच्या लहरी लांब असल्याने कुठेही फट मिळाली की पुढची आणि मागची हवा एकमेकींना गाठतात आणि स्वर विझतो. कातडं गालाला आणि कानामागे घट्ट बसतं, हवा कोंडून धरतं, त्यामुळे ६९ हर्ट्झ पूर्ण उंचीने उभा राहतो. चष्म्याच्या काडीने पडणारी बारीकशी फटदेखील हा फरक बराच कमी करून टाकते. चष्मेवाल्यांनी मऊ मेमरी फोमचं पॅड घ्यावं, जे काडीभोवती आपण होऊन मिटतं.

दुसरा बदल जवारीत. कातड्याची आतली भिंत गुळगुळीत असली की वरचे स्वर तिच्यावरून परततात. जवारीची सळसळ चकचकीत होते, कधी जास्तच. किशोरी आमोणकर यांचा भूप अशा पॅडवर ऐकताना तार षड्जाच्या कडेला एक धार येते. मला ती आवडत नाही. त्यांच्या आवाजातली धार वेगळी आहे, ती स्वराच्या आतून येते. पॅडने बाहेरून लावलेली धार तिच्यावर सांडते. आतल्या बाजूला बारीक भोकं पाडलेलं पॅड ही धार बोथट करतं, कारण भोकांतून आवाज फोममध्ये शिरतो आणि तिथे जिरतो. बाहेरचं कातडं अखंड आणि आतलं सच्छिद्र, अशी जोडी ख्यालासाठी मला सर्वांत योग्य वाटते.

वेलोरचं पॅड घातलं की सगळं उलटतं. कापड हवा सोडतं, खर्ज उतरतो, आणि वरचंही काही पोटात घेतं. तानपुरा दूर जातो, पण मोकळा होतो. शुअर कंपनीच्या हेडफोनचे सुटे वेलोर आणि अल्कांटारा पॅड टी५०आरपीवर चढवणारे बरेच आहेत, आणि मला ते पटतं. सतारीची चिकारी त्यांवर बोचत नाही, उन्हाळ्यात कानही घामत नाहीत. फक्त डग्गा तेवढा विसरावा लागतो.

जाडी वाढली की कान पडद्यापासून लांब जातो आणि गायक आपल्या कपाळातून उठून थोडा समोर येऊन बसतो. तिरक्या पॅडची जाड बाजू कानामागे ठेवायची. पडदा थोडा पुढे, चेहऱ्याच्या बाजूला येतो आणि आवाज समोरून आल्याचा भास बळावतो. जाडीची हावही बरी नाही. एका मर्यादेपलीकडे मधलं सप्तक पोकळ होतं आणि सारंगी नाकात बोलू लागते.

पॅड बदलायला काही मिनिटं लागतात, आणि आवाजाची आठवण तेवढी टिकत नाही. म्हणून एका कानावर जुनं आणि दुसऱ्यावर नवं पॅड चढवावं, तानपुऱ्याचं ॲप मोनो करून लावावं आणि डोळे मिटावेत. दोन्ही पॅड सारखे असते तर तानपुरा डोक्याच्या बरोबर मध्ये बसला असता. आता खर्ज एका बाजूला सरकतो आणि जवारी दुसऱ्या. कोणतं पॅड काय देतं आणि काय घेतं हे त्या सरकण्यातून लगेच कळतं. दोन ॲम्पची तुलना करायची असेल तर मात्र आवाजाची पातळी मोजून सारखी करावी. किंचित मोठ्याने वाजणारा ॲम्प नेहमीच चांगला वाटतो.

आपल्याकडच्या हवेचाही इथे संबंध येतो. बहुतेक स्वस्त पॅड पॉलियुरेथेनच्या कृत्रिम कातड्याचे असतात. मुंबई, रत्नागिरी, पणजीच्या दमट हवेत त्या थराचं रसायन पाण्यानेच फुटत जातं, आणि एके दिवशी काळ्या पापुद्र्यांचा कोंडा मानेवर दिसतो. घाम आणि खोबरेल तेल त्याला हातभार लावतात. खऱ्या कातड्याला पापुद्रे येत नाहीत, पण पावसाळ्यात बंद कपाटात बुरशी येते. ऐकून झालं की कोरड्या फडक्याने पुसावं आणि डब्यात सिलिका जेलची पुडी टाकावी. वेलोर हाताने धुता येतं. ऑडीझीच्या एलसीडी मालिकेतले पॅड गोंदाने चिकटवलेले असतात, ते बदलणं चिकाटीचं काम. हायफायमॅनचे प्लॅस्टिकच्या कड्यावर अडकतात. फॉस्टेक्सचे कपाच्या खाचेत कड ओढून बसवायचे, नखाला थोडा त्रास होतो इतकंच.

वरून धडधाकट दिसणारं पॅडही आतून थकतं. फोम दबतो, कान पुन्हा पडद्याजवळ येतो, आणि हा बदल इतका सावकाश होतो की त्याचा पत्ता लागत नाही. बोटाने दाबून सोडल्यावर फोम आळसावून वर येऊ लागला की नवी जोडी मागवावी. ॲम्पवर जास्तीचे पैसे घालण्याआधी हे पैसे बाजूला काढावेत. मी स्वतः आज टी५०आरपीवर आतून सच्छिद्र असलेलं मेंढीच्या कातड्याचं पॅड आणि टेबलावरचा छोटा ट्रान्झिस्टर ॲम्प एवढ्यावर समाधानी आहे. डागरांची वीणा, ख्याल आणि पखवाज यांना ही जोडी पुरेपूर न्याय देते, आणि सतारीसाठी वेलोरची जोडी हाताशी ठेवलेली आहे.