रीजन्सी प्रणयकादंबरी

रीजन्सी प्रणयकादंबरी : इंग्लंडमधील राजप्रतिनिधित्वाच्या काळाची (१८११–२०) पार्श्वभूमी घेणारा इंग्रजी प्रणयप्रधान कादंबरीचा एक लोकप्रिय प्रकार. तिसरा जॉर्ज मनोविकारामुळे राज्यकारभारास असमर्थ ठरल्यावर त्याच्या पुत्राने, म्हणजे पुढे चौथा जॉर्ज झालेल्या युवराजाने, राजप्रतिनिधी म्हणून सत्ता चालविली. त्यावरून हे नाव पडले. उमराव घराणी, नृत्यसभा, वारसाहक्क, विवाहजुळणी आणि घोडे हे या कादंबऱ्यांचे ठरीव साहित्य होय.

घोड्याला येथे मिळालेले स्थान केवळ शोभेचे नाही. जेन ऑस्टेन (१७७५–१८१७) त्याच काळात लिहीत होती. तिच्या सेन्स अँड सेन्सिबिलिटी (१८११) या कादंबरीत विलोबी हा मेरिअनला घोडा भेट देऊ करतो आणि ती हरखून जाते. पण घोडा घ्यावयाचा तर नोकर ठेवावा लागेल, नोकरासाठी दुसरा घोडा व दोहोंसाठी तबेला लागेल, हे तिची बहीण एलिनॉर तिच्या लक्षात आणून देते. घरची मिळकत, पुरुषाचा उतावीळपणा आणि दोघी बहिणींचे स्वभाव, असे सर्व एका न स्वीकारलेल्या घोड्यातून उलगडते. ऑस्टेनच्या दृष्टीने हा वर्तमानकाळ होता. त्याचा खर्च तिला ठाऊक होता.

या प्रकाराची घडण मात्र विसाव्या शतकात जॉर्जेट हेअर (१९०२–७४) हिने केली. रीजन्सी बक (१९३५) मधील ज्यूडिथ भावाशी पैज लावून ब्रायटनच्या रस्त्याने स्वतः घोडागाडी हाकते व तिचा पालक वर्थ तिला वाटेत अडवितो. लगाम कोणाच्या हाती, हाच कथेतील प्रेमाचा खरा वाद आहे. हेअरचा अभ्यास दांडगा, विनोद चोख; ॲन इन्फेमस आर्मी (१९३७) मध्ये तर तिने वॉटर्लूची लढाई तपशिलाने रंगविली. तिच्या अनुकरणकर्त्यांनी गाड्यांची नावे घेतली, दृष्टी घेतली नाही.

खोकडाच्या शिकारीच्या प्रसंगांत हे विशेष जाणवते. ह्यूगो मेनेल (१७३५–१८०८) याने लेस्टरशर परगण्यात वेगवान कुत्र्यांची पैदास करून या शिकारीला भरधाव दौडीचे रूप दिले. शेते कुंपणबंद होत गेली तशी कुंपणांवरून उड्या घेणे हे तिचे मुख्य आकर्षण ठरले. त्या काळी स्त्रिया दोन्ही पाय घोड्याच्या एकाच बाजूस ठेवून बसत. उडीच्या वेळी मांडीला आधार देणारा दुसरा खुंट त्यांच्या खोगिरास १८३० च्या सुमारास लाभला. त्यापूर्वीच्या काळात कुंपणांवरून बेधडक झेपा घेणारी नायिका रंगविणे हा कालविपर्यासच होय. खोगिराची गैरसोय विसरली की स्त्रीची गैरसोयही विसरली जाते, आणि मग तिच्या बंडाला अर्थ उरत नाही.

मराठीत हा प्रकार रुजला नाही. भूमीही वेगळी : दुधनाकाठच्या सेलूपासून परभणीपर्यंतच्या काळ्या रानात शेताला बांध असतो, उडी घेण्याजोगे कुंपण नव्हे. शिवाय येथे आलेल्या इंग्रजांनी आपली हौस पुष्कळदा कोल्ह्यावर भागविली. भाषांतरांतून खोकड व कोल्हा यांची जी गल्लत होते, तिला असा थोडा ऐतिहासिक आधारही आहे.

खरे कारण अर्थातच इतिहासात आहे. त्याच दशकात, १८१८ साली, पेशवाई बुडाली. त्या काळावर लिहिणाऱ्या मराठी कादंबरीकाराला नृत्यसभेच्या हलक्या सुराने लिहिणे शक्य नव्हते. ना. सं. इनामदार (१९२३–२००२) यांनी झेप (१९६३) मध्ये त्रिंबकजी डेंगळे, झुंज (१९६६) मध्ये यशवंतराव होळकर व मंत्रावेगळा (१९६९) मध्ये दुसरा बाजीराव या व्यक्तिरेखा घेऊन, इतिहासाने दोषी ठरविलेल्या माणसांची बाजू मांडली. इंग्रजी लेखकांनी आपल्या विजयाचे दशक प्रणयाला दिले. इनामदारांना पराभवाच्या दशकाची उलटतपासणी करावी लागली. तीत घोडा चाकरीचा, स्वारीचा आणि पलायनाचा आहे, वधूपरीक्षेचा नाही. मात्र या गंभीरपणाची किंमतही आहे : वकिली हट्टापायी नायकाचे दोष सौम्य होतात, आणि कारस्थानांच्या गर्दीत ऑस्टेनच्या तबेल्यासारखा घरगुती हिशेब क्वचितच दिसतो.

वस्तुतः रम्यकथेची सामग्री त्या इतिहासातच होती. गंगाधरशास्त्री पटवर्धन यांच्या १८१५ मधील खुनाच्या आरोपावरून त्रिंबकजीस ठाण्याच्या किल्ल्यात कैदेत ठेवले होते. एका इंग्रज अधिकाऱ्याच्या चाकरीतील मराठा मोतद्दार खिडकीखाली घोड्याचा खरारा करीत गाणी म्हणे. पलायनाची सूचना त्या गाण्यांत गुंफलेली होती. पहाऱ्यावरील गोऱ्यांना मराठी कळत नव्हते. सप्टेंबर १८१६ मध्ये कैदी निसटला. ही हकीकत बिशप हेबरने नोंदविली आहे. १८२४ साली चुनारच्या किल्ल्यात पुन्हा बंदिवान असलेल्या त्रिंबकजीस त्याने पाहिलेही होते. इंग्रजी प्रणयकथांत मोतद्दार बहुधा लगाम धरून मुकाट उभा असतो. येथे सारे कथानक त्याच्याच मुखी आहे. त्रिंबकजी १८२९ मध्ये चुनार येथेच वारला.