पहिल्या दिवसाची डुलकी

मराठी प्रवासवर्णनांत एक दिवस हटकून गाळलेला असतो : पहिला. लेखक रात्रभर विमानात अवघडून माद्रिदला उतरतो आणि पुढच्याच ओळीत प्रादो संग्रहालयात गोयाच्या चित्रापुढे टवटवीत उभा! अहो, तिथली घड्याळं आपल्यापेक्षा साडेतीन-साडेचार तास मागं. माणूस पेंगणारच. खुद्द स्पॅनिश लोकांनी दुपारच्या झोपेला ‘सिएस्ता’ म्हणून जगभर मान मिळवून दिला. आमच्या देवळालीत मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत कंटाळलेल्या गोऱ्या सोल्जरांनी मात्र इंग्रजीला ‘डूलॅली’ शब्द दिला, अर्थ, वेडा. आमचे लेखक बहुधा त्यालाच भितात. पण आम्हा बँकवाल्यांना रोजकीर्दीचं एक पान कोरं दिसलं की पुढच्या सगळ्या शिलकेचा संशय येतो. म्हणून मी पुस्तक मिटलं आणि लेखकाची राहून गेलेली झोप कॅम्पातल्या खाटेवर काढली. व्याजासकट!