महसुली तुटीचा निकष आणि आदिवासी तालुके : शहापूर-मुरबाडच्या संदर्भात एक चिकित्सा

राष्ट्रीय शासनाने आपला खर्च उत्पन्नाच्या मर्यादेत ठेवावा, असे बंधन कायद्याने घालावे काय, हा वाद भारतात जुनाच आहे. संविधानाच्या 292 व्या अनुच्छेदाने केंद्राच्या कर्जास मर्यादा घालण्याचा अधिकार संसदेस दिला. संसद तो वापरील, अशी अपेक्षा डॉ. आंबेडकरांनी 1949 मध्ये संविधान सभेत व्यक्त केली होती. प्रत्यक्ष कायदा होण्यास मात्र 2003 साल उजाडले. या अधिनियमाने संपूर्ण संतुलनाचा आग्रह न धरता महसुली तूट नाहीशी करण्याचे उद्दिष्ट स्वीकारले. दैनंदिन खर्च उत्पन्नातून आणि कर्ज केवळ भांडवली कामांसाठी, हे त्यामागील सूत्र होय. 1991 च्या संकटाचे स्मरण असणाऱ्यास ते पटण्यासारखे आहे.

परंतु हे सूत्र ज्या वर्गीकरणावर उभे आहे, तेच सदोष आहे. शहापूर तालुका संपूर्णतः व मुरबाड अंशतः अनुसूचित क्षेत्रात मोडतो. येथील आश्रमशाळेची इमारत भांडवली खर्चात जाते. शिक्षकाचे वेतन व मुलांचा आहार महसुली ठरतो. आरोग्य केंद्राची भिंत ही मत्ता, परिचारिका हा चालू खर्च! तानसा व भातसा यांचे पाणी मुंबईस पुरविणाऱ्या शहापुरातच उन्हाळ्यात कित्येक पाडे टँकरची वाट पाहतात. तेथेही धरण भांडवली आणि टँकर महसुली. कातकरी वा ठाकूर कुटुंबाच्या वाट्यास येणारे शासन बहुतांशी महसुली शासनच असते.

बाराव्या वित्त आयोगाने राज्यांची कर्जसवलत अशाच कायद्याशी जोडली आणि महाराष्ट्राने 2005 मध्ये तो केला. व्याज व निवृत्तिवेतन टाळता येत नाही. साहजिकच काटकसरीची कात्री प्रथम रिक्त पदांच्या भरतीवर चालते. आश्रमशाळेतील न भरलेले पद हिशेबात बचत म्हणून दिसते, हा या निकषाचा सर्वांत गंभीर दोष आहे.

म्हणून बंधनच नको, असे म्हणणाऱ्यांचा पक्षही टिकत नाही. व्याज हादेखील महसुली खर्चच आहे. कर्ज वाढले की तो आश्रमशाळेच्या आधी आपला वाटा घेतो. शिवाय, बंधन चुकविण्याच्या वाटाही शासनानेच शोधल्या. तेलकंपन्यांना रोख अनुदानाऐवजी रोखे दिले गेले. रास्त भाव दुकानातील धान्याच्या अनुदानाचा भार भारतीय अन्न महामंडळाच्या कर्जात लपविला गेला. तो 2021-22 च्या अर्थसंकल्पात उघड मांडण्यात आला. केंद्राची महसुली तूट 2007-08 मध्ये स्थूल उत्पन्नाच्या 1.1 टक्के होती, ती 2008-09 मध्ये 4.5 टक्क्यांवर गेली, आणि कायद्यात यासाठी कोणासही शिक्षा नव्हती.

2012 च्या दुरुस्तीने 'प्रभावी महसुली तूट' ही संकल्पना आणून मत्तानिर्मितीसाठीची अनुदाने वेगळी काढली. रोजगार हमीतून बांधलेला बंधारा त्यामुळे मत्ता ठरू शकला. परिचारिका मात्र चालू खर्चच राहिली. पुढे 2018 मध्ये महसुली तुटीचे उद्दिष्टच वगळण्यात आले आणि भर राजकोषीय तूट व कर्जप्रमाणावर आला. वर्गीकरणाचा प्रश्न त्यामुळे सुटला नाही, केवळ दृष्टीआड झाला. राज्याच्या कायद्यानुसार विधिमंडळापुढे येणाऱ्या विवरणपत्रांत तुटीच्या आकड्याशेजारीच आरोग्य व शिक्षण खात्यांतील मंजूर आणि भरलेली पदे तालुकानिहाय मांडणे, ही दुरुस्ती खर्चिक नाही.