पेटीवरची बंदी आणि पियानोचा कॉन्चेर्टो

१ मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओवर हार्मोनियमला बंदी आली. नियंत्रक लायोनेल फील्डन यांच्या कारकिर्दीतला हा निर्णय. रवींद्रनाथ ठाकुरांनाही पेटी नकोशी होती, आणि स्वातंत्र्यानंतर डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर या मराठी नभोवाणीमंत्र्यांच्या काळातही बंदी कायम राहिली. हा इतिहास मराठी रसिकांना नवा नाही. त्यामागच्या एका माणसाची चर्चा मात्र आपल्याकडे फारशी झालेली नाही. १९३८ साली रेडिओच्याच ‘इंडियन लिसनर’ या नियतकालिकात पेटीविरुद्ध एक तिखट लेख आला. शीर्षकातच ‘हार्मोनियम’ या शब्दाची फोड करून ‘सर्वांची हानी’ असा श्लेष साधलेला होता. लेखक होते जॉन फाउल्ड्स, दिल्ली केंद्रावरच्या पाश्चात्त्य संगीताचे प्रमुख. या फाउल्ड्स यांनी १९२७ ते १९२९ या काळात पियानो आणि वाद्यवृंद यांच्यासाठी ‘डायनॅमिक ट्रिप्टिक’ ही मोठी रचना केली होती.

पट्ट्यांच्या वाद्याला वाद्यवृंदापुढे नायक म्हणून उभे करणारा रचनाकार हिंदुस्थानात येऊन पट्ट्यांच्याच वाद्यावर तुटून का पडला? प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, रचनाकार फाउल्ड्स हा टीकाकार फाउल्ड्सपेक्षा अधिक शहाणा होता. आपण टीकाकाराचे ऐकले आणि रचनाकाराकडे पाठ फिरवली. गेल्या चाळीस वर्षांतले पियानो-कॉन्चेर्टो ऐकताना या निवडीची किंमत लक्षात येते.

नायक आणि समूह

कॉन्चेर्टो म्हणजे एक वाद्य आणि त्याच्यासमोर वाद्यांचा समूह. समूह इथे नुसती साथ करत नाही. तो नायकाचे म्हणणे उचलतो, परतवतो, कधी अडवतो. हे नाते समजून घ्यायला सोलापूरकराने व्हिएन्नाला जायला नको, पंढरपूर पुरे आहे. भजनात बुवा चरण म्हणतात, टाळकरी ध्रुपद उचलतात, आणि प्रत्येक फेरीला ध्रुपद आधीपेक्षा चढलेले असते. फरक एवढाच की, भजनात दोघांचे मुक्कामाचे ठिकाण एक असते. कॉन्चेर्टोत दोघे भांडूही शकतात.

या भजनात पेटी कुठे असते? ती बुवांच्या बाजूची नाही आणि टाळकऱ्यांतलीही नाही. दोघांच्या मध्ये बसून ती सूर धरून ठेवते. सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू अशा तिन्ही भाषांतली भजने होतात, आणि तिन्हींत पेटीचे काम हेच. तिला नायकपण कुणी देत नाही, आणि तिच्यावाचून कुणाचे भागतही नाही.

दुरुस्तीचा मार्ग

पेटीवरचा मुख्य आक्षेप खरा आहे, हे आधी मान्य केले पाहिजे. टेंपर्ड सप्तकात १२०० सेंटचे बारा सारखे भाग पाडलेले असतात. त्यामुळे शुद्ध गांधार ४०० सेंटवर बसतो, तर तंबोऱ्यातून आपोआप उमटणारा गांधार ३८६ सेंटच्या आसपास असतो. हे चौदा सेंट तयार कानाला खुपतात. शिवाय पट्टीवरून मींड निघत नाही. एका सुरावरून दुसऱ्यावर उडी मारता येते, घसरत जाता येत नाही.

यावर पहिले उत्तर आपल्याच भागातून निघाले. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली बावीस श्रुतींवरचा आपला इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांचे सहकारी अर्नेस्ट क्लेमंट्स हे सनदी अधिकारी होते, आणि प्रयोगांना अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्याची मदत होती. लंडनच्या मूर अँड मूर कंपनीकडून श्रुती-हार्मोनियम बनवून घेण्यात आली. १९१६ च्या बडोदा संगीत परिषदेत ती पेटी मांडली गेली, तेव्हा भातखंडे आणि त्यांच्या बाजूच्या जाणकारांनी तिच्यावर कडाडून हरकत घेतली. आपल्या काळात डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची हार्मोनियम बनवून हाच ध्यास पुढे नेला.

या प्रयत्नांमागच्या तळमळीबद्दल आदरच वाटतो. पण त्यांच्या मुळाशी एक गृहीत आहे: पेटी ही गळ्याची नक्कल आहे आणि तिची किंमत नक्कल किती हुबेहूब साधते यावर ठरते. श्रुती कितीही वाढवल्या तरी मींड हाती लागत नाही, म्हणून नक्कल अपुरीच राहते. पेटीची बाजू घेणारे आणि तिला बंदी घालणारे, दोघांनीही एकच कसोटी लावली. त्यांचे निकाल तेवढे वेगळे आले.

फाउल्ड्स यांनी काय केले

‘डायनॅमिक ट्रिप्टिक’मध्ये कसोटीच वेगळी आहे. तीन भागांची ही रचना १९३१ साली एडिंबरोत फ्रँक मेरिक यांनी डोनल्ड टोव्ही यांच्या संचालनाखाली प्रथम वाजवली. पहिल्या भागात फाउल्ड्स सात सुरांचा एकच मेळ घेतात आणि पियानो व वृंद दोघांनाही त्याबाहेर पाऊल टाकू देत नाहीत. रागसंगीताच्या श्रोत्याला ही शिस्त ओळखीची वाटेल. त्यांच्या पत्नी मॉड मॅकार्थी यांनी हिंदुस्थानात राहून इथल्या संगीताचा अभ्यास केला होता, त्याची छाया इथे दिसते. तिसरा भाग लयीचा आहे.

माझ्या मते रचनेचे मर्म दुसऱ्या, संथ भागात आहे. तिथे तंतुवाद्ये पाव स्वरांनी, म्हणजे अर्ध्या स्वराच्याही अर्ध्या अंतराने, सरकतात. त्यांच्या सुरांखालची जमीन हळूहळू हलते आहे असा भास होतो. पियानोला हे करता येत नाही, आणि फाउल्ड्स त्याच्याकडून ते करवूनही घेत नाहीत. पियानो आपल्या ठरलेल्या सुरांवर उभा असतो. वृंद सरकतो म्हणून पियानोचे अचल असणे जाणवते, आणि पियानो अचल आहे म्हणून वृंदाचे सरकणे जाणवते. पट्टीची उणीव झाकलेली नाही. सारे नाट्य त्या उणिवेवरच उभे केले आहे.

पुढे १९३५ मध्ये फाउल्ड्स हिंदुस्थानात आले. दिल्लीत त्यांनी इथल्या वादकांचा वृंदही बांधला. मग पेटीशी त्यांचे का बिनसले? साथीत पेटी गायकाच्या मींडेवर आपला कोरा सूर ठेवते आणि मींड झाकून टाकते. या वापरापुरता त्यांचा राग समजण्यासारखा आहे. पण वापरातला दोष त्यांनी वाद्याच्या माथी मारला. २५ एप्रिल १९३९ रोजी कलकत्त्यात पटकीने त्यांचा मृत्यू झाला, त्यामुळे बंदी पाहायला ते उरले नाहीत. बंदीला मात्र त्यांची टीका उपयोगी पडली.

अलीकडचे तीन कॉन्चेर्टो

फाउल्ड्स यांनी दाखवलेल्या दिशेने, बहुधा त्यांचे नावही न घेता, पुढचे रचनाकार गेले. तीन उदाहरणे पुरेत.

अमेरिकन रचनाकार लू हॅरिसन यांनी १९८५ साली कीथ जॅरेट यांच्यासाठी पियानो-कॉन्चेर्टो लिहिला. पियानो नेहमीच्या टेंपर्ड पद्धतीने न लावता अठराव्या शतकातल्या किर्नबर्गर यांच्या पद्धतीने लावायचा. त्यात काही स्वरांतरे अगदी शुद्ध येतात, तर काही जाणवण्याइतकी वाकडी. मग वृंदात कोण? तंतुवाद्ये, ट्रॉम्बोन, हार्प आणि तालवाद्ये. पियानोच्या सुराला जुळवून घेता येईल अशीच वाद्ये त्यांनी निवडली. म्हणजे इथे वृंद पेटीकडे येतो, पेटीला वृंदाकडे जावे लागत नाही.

हंगेरियन रचनाकार ग्यॉर्ग लिगेती यांचा कॉन्चेर्टो १९८५ ते १९८८ या काळातला. त्यात लयींचे अनेक थर एकमेकांवर रचलेले आहेत. संथ दुसऱ्या भागात पियानोभोवती ऑकारिना, सरकत्या सुराची शिट्टी आणि माउथ ऑर्गन असे आवाज येतात. माउथ ऑर्गन म्हणजे धातूच्या जिभल्यांचे वाद्य, आपल्या पेटीचे जवळचे नातलग. या वाद्यांचे सूर पियानोशी तंतोतंत जुळत नाहीत आणि ते जुळू नयेत अशीच योजना आहे. त्या बेसूरपणातून जी करुणा निर्माण होते, ती शुद्ध सुरात मिळाली नसती.

ऑस्ट्रियाचे गेऑर्ग फ्रीडरिश हास यांच्या २०१० सालच्या ‘लिमिटेड ॲप्रॉक्सिमेशन्स’ या रचनेत वृंदापुढे सहा पियानो आहेत. प्रत्येक पियानो शेजारच्यापेक्षा एका स्वराच्या बाराव्या भागाने वेगळा लावलेला. सप्तकात असे बहात्तर सूर होतात. एक पियानो सूर सोडतो, दुसरा किंचित वरून उचलतो, आणि ऐकणाऱ्याला चक्क मींड ऐकू येते. एकाही पियानोचा एकही सूर जागचा हललेला नसतो. देवल-क्लेमंट्स यांनी एका पेटीत जे कोंबू पाहिले, ते हास यांनी सहा वाद्यांत वाटून टाकले. एका वाद्याला न जमणारी गोष्ट समूहाला जमते, ही वृंदलेखनातली जुनीच युक्ती आहे.

आपल्याकडे काय राहून गेले

आता आपल्याकडे वळू. १९५२ साली आकाशवाणीचा वाद्यवृंद सुरू झाला. पंडित रविशंकर त्याचे एक संचालक होते. केसकर त्याच वर्षी मंत्री झाले. म्हणजे ज्या घरात भारतीय वाद्यवृंद वाढत होता, त्याच घरात पट्ट्यांच्या वाद्याला उंबरा ओलांडायची मनाई होती. १९७१ मध्ये साथीपुरती बंदी सैल झाली. एकलवादनाला त्यानंतरही बराच काळ थांबावे लागले. योगायोग असा की, त्याच १९७१ मध्ये रविशंकरांचा सतारीचा कॉन्चेर्टो लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राबरोबर साकार झाला. २०१५ साली झाकीर हुसेन यांच्या ‘पेशकार’मधून तबला मुंबईच्या सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियापुढे उभा राहिला. सतार आणि तबला यांना जी जागा मिळाली, ती पेटीला मिळालेली नाही.

कलावंत नव्हते म्हणून हे घडले, असे म्हणता येत नाही. गोविंदराव टेंबे यांनी एकलवादनाला प्रतिष्ठा मिळवून दिली. पी. मधुकर आणि त्यांचे शिष्य तुळशीदास बोरकर यांनी भात्याच्या दाबातून सुराला श्वास दिला. मनोहर चिमोटे यांनी वाद्याला ‘संवादिनी’ हे नाव दिले. आपल्याकडच्या वादकांनी रूढ केलेले गांधार ट्यूनिंग एक षड्ज धरून शुद्ध स्वरांतरे लावते, बाकीच्या पट्ट्यांवरून वाजवण्याची सोय सोडून देते. हॅरिसन यांनी पियानोबाबत केली ती निवड हीच. वाद्य तयार होते, त्याच्यासमोर वृंद ठेवून लिहिणारा रचनाकार तेवढा नव्हता.

दोन हरकती येतील. पहिली, पेटीचा आवाज ऐंशी वादकांपुढे टिकणार नाही. मग ऐंशी कशाला? चार सारंग्या, दोन व्हायोलिन, एक बासरी आणि एक पखवाज पुरतो. दुसरी हरकत अधिक गंभीर: रागसंगीताला अशा रचनेची गरजच काय? रागाच्या बढतीला ती नसेल. पण नाट्यसंगीताने मराठी माणसाला पात्रांचा संघर्ष सुरांतून ऐकायला शिकवले आहे. बालगंधर्वांच्या रंगमंचावर कादरबक्षांची सारंगी आणि ऑर्गन शेजारी शेजारी वाजत होते, एक सरकणारे आणि एक न सरकणारे. ही दोन्ही वाद्ये गायकासाठी वाजत होती. गायक बाजूला झाला, तर ती दोघे एकमेकांना काय म्हणतील, एवढाच प्रश्न पुढच्या रचनाकाराला विचारायचा आहे.

पेटीला सारंगी करण्याचा खटाटोप शंभराहून अधिक वर्षे झाला. आता कुणीतरी पेटीला पेटीच राहू द्यावे, आणि तिच्यासमोर सारंगी बसवावी.