‘ट्रॅव्हलर’ची प्रकाशनपरंपरा : संहितेवर अधिकार कोणाचा?

प्रस्तावना :
रोल-प्लेइंग गेम म्हणजे टेबलाभोवती बसून, पात्रांच्या भूमिका घेऊन, संवादातून कथा रचण्याचा खेळ. त्याची नियमपुस्तके छापली जातात; कथा मात्र खेळणारेच घडवितात. म्हणून अशा पुस्तकाची आवृत्ती बदलते तेव्हा नेमके काय बदलते, हा समीक्षेचाही प्रश्न ठरतो. प्रस्तुत लेखात ‘ट्रॅव्हलर’ या अमेरिकन विज्ञानकाल्पनिक खेळाच्या आधारे त्याचा विचार केला आहे.

विवेचन :
मार्क मिलर यांची ही कृती १९७७ मध्ये इलिनॉय राज्यातील गेम डिझायनर्स वर्कशॉप या संस्थेने काळ्या मुखपृष्ठाच्या तीन लहान पुस्तिकांच्या रूपात प्रसिद्ध केली. पात्रनिर्मिती, अंतराळयाने आणि ग्रहरचना यांचे नियम त्यांत होते. फासे टाकून ग्रहाचे वातावरण, लोकसंख्या व शासनप्रकार ठरवायचे आणि त्या आकड्यांना अर्थ खेळणाऱ्याने द्यायचा, अशी ही योजना होती. ‘थर्ड इम्पेरियम’ या साम्राज्याचे विश्व पुढील पुरवणी पुस्तिकांतून आकारास आले.

१९८७ च्या ‘मेगाट्रॅव्हलर’ने सम्राट स्ट्रेफॉनच्या हत्येपासून यादवी सुरू केली. १९९३ च्या ‘द न्यू एरा’ने संगणकीय ‘व्हायरस’द्वारे साम्राज्यच उद्ध्वस्त केले आणि नियमपद्धतीही बदलली. १९९६ मध्ये ही प्रकाशनसंस्था बंद पडली. त्याचा दोष केवळ कथानकाला देणे योग्य नव्हे. स्थिर साम्राज्यात नाट्य कोठून येणार, हा पूर्वपक्षही दुबळा नाही. परंतु या विश्वात बातमी यानाच्याच वेगाने जाते आणि यानाच्या एका झेपेस सुमारे एक आठवडा लागतो. सीमेवरील ग्रहाला राजधानी दूरच राहते. नाट्य तेथेच, खेळणाऱ्यांच्या हातून, निर्माण होत होते. प्रकाशकाने ते केंद्राकडे ओढून नेले.

यानंतरची उत्तरे लक्षणीय आहेत. १९९८ मध्ये स्टीव्ह जॅक्सन गेम्सच्या ‘गर्प्स ट्रॅव्हलर’ने हत्या घडलीच नाही असे गृहीत धरले. २००८ पासून ब्रिटनमधील माँगूस पब्लिशिंगने हत्येपूर्वीचा काळ निवडला. २०१३ मध्ये खुद्द मिलर यांचे ‘ट्रॅव्हलर ५’ प्रसिद्ध झाले, तरी माँगूसची धारा खंडित झाली नाही. २०१६ मध्ये तिची दुसरी आवृत्ती आली.

समारोप :
कादंबरीकाराने सम्राटाला मारले तर त्याचा अधिकार कोणी नाकारीत नाही. येथे मात्र वाचक सहलेखक असल्याने तो अधिकार विभागला जातो. नवी आवृत्ती जुनीला रद्द करीत नाही. ती आणखी एक पाठ म्हणून शेजारी उभी राहते. तेव्हा छापील मजकुराइतकेच त्यात खेळणाऱ्यांसाठी राखलेल्या मोकळ्या जागेचेही मूल्यमापन समीक्षेने केले पाहिजे. या निकषावर १९७७ च्या तीन पुस्तिका नंतरच्या सविस्तर ग्रंथांपेक्षा अधिक समर्थ ठरतात, असे म्हणता येईल.