सीआरपी वाढला म्हणून हृदयाची लय बिघडली?

बायपास किंवा झडपेच्या ऑपरेशननंतर साधारण २० ते ४० टक्के रुग्णांना एट्रियल फिब्रिलेशन होतं. म्हणजे हृदयाचे वरचे कप्पे तालात आकुंचन पावायचे सोडून नुसते थरथरतात. बहुतेकदा हे दुसऱ्या ते चौथ्या दिवशी होतं. रक्तातला सीआरपी, म्हणजे शरीरातला दाह दाखवणारं प्रथिन, तोही साधारण त्याच सुमारास सर्वात वर असतो. झालं! ‘दाहामुळे लय बिघडते’ हे वाक्य कितीतरी पेपरांच्या प्रस्तावनेत जाऊन बसलं.

त्याला आधार म्हणून २००६ ची आर्मिडा-३ ही ट्रायल दाखवतात. रुग्ण फक्त २००. ऑपरेशनच्या सात दिवस आधीपासून एटोरवास्टॅटिन दिलं. हे कोलेस्टेरॉलचं औषध दाहही कमी करतं. लय बिघडली ३५ टक्क्यांची, औषध न मिळालेल्यांत ५७ टक्क्यांची. फरक देखणा आहे, पण ५७ हा आकडाच नेहमीच्या मानाने जास्त नाही का? लहान ट्रायलमध्ये तुलनेचा गट असा वर गेला, की औषध आपोआप चांगलं दिसतं. पेपर वाचताना आपण औषधाच्या गटाकडे बघतो, घोळ बऱ्याचदा शेजारच्या रकान्यात असतो.

२०१६ मध्ये चीनमधली स्टिक्स ट्रायल आली: १९२२ रुग्ण, रोसुवास्टॅटिन, ऑपरेशननंतर पाच दिवस सलग ईसीजी. सीआरपी खरंच कमी झाला. आणि लय? औषध घेणाऱ्यांत २१.१ टक्के, न घेणाऱ्यांत २०.५. वर औषधाच्या गटात किडनीला इजा जास्त झाली. कच्च्या कारणमीमांसेची किंमत अशी रुग्ण मोजतो.

यावरून ‘दाहाचा सिद्धांत संपला’ म्हणणारेही मला घाईचे वाटतात. सीआरपी यकृतात तयार होतो. हृदयाभोवतीच्या पिशवीत काय चाललंय, हे तो कसं सांगणार? न्यूयॉर्कच्या पॅलॅक्स ट्रायलमध्ये (२०२१, ४२० रुग्ण) त्या पिशवीला मागून छेद देऊन साचलेलं रक्त-पाणी छातीच्या डाव्या पोकळीत उतरू दिलं. लय बिघडण्याचं प्रमाण ३२ वरून १७ टक्क्यांवर आलं. ट्रायल एकाच केंद्रातली, तरी मला ही सगळ्यात बोलकी वाटते. फक्त, छेदामुळे तिथला दाह टळला की साचलेल्या द्रवाचा नुसता दाब, हे या आकड्यांतून कळत नाही. त्यासाठी त्या पिशवीतल्या द्रवाचेच नमुने, लय बिघडण्याआधीपासून, ठरावीक तासांनी घ्यावे लागतील.