वारसा कोण सांभाळतं? ‘द सिम्स’मधली दहा पिढ्यांची घराणी

एकाच घराण्याच्या दहा पिढ्या खेळून काढणं ही ‘द सिम्स’ या संगणकावरच्या खेळाच्या खेळाडूंनी स्वतः घडवलेली कला आहे. तिचे नियम खेळ बनवणाऱ्या कंपनीने लिहिले नाहीत. ते खेळाडूंनी लिहिले, एकमेकांचे तपासले, मोडले आणि पुन्हा बांधले. वीस वर्षांत तिला परंपरा आली, उपप्रकार आले, दाद देण्याच्या आणि नाकं मुरडण्याच्या जागा ठरल्या. म्हणून तिची समीक्षाही व्हायला हवी. मी इथे एकच कसोटी लावतो: एका पिढीने केलेल्या गोष्टींचा भार पुढच्या पिढीवर पडतो का?

पहिला ‘द सिम्स’ फेब्रुवारी २००० मध्ये आला. त्याचे कर्ते विल राइट यांचं घर १९९१ साली ओकलंडच्या वणव्यात जळालं होतं. संसार नव्याने मांडताना माणसाला आधी काय लागतं आणि का, या विचाराचा खेळाच्या जडणघडणीत मोठा वाटा होता. साहजिकच तो घराचा खेळ झाला, घराण्याचा झाला नाही. पाळण्यातलं बाळ तीन दिवसांत शाळकरी होई आणि तिथेच थांबे. मोठी माणसं म्हातारी होत नसत. मरण येई ते आगीने, बुडून किंवा उपासमारीने. वयाने कुणी जात नसे.

घराणं शक्य झालं ते सप्टेंबर २००४ मध्ये, ‘द सिम्स २’मुळे. माणसं बालपणापासून म्हातारपणापर्यंत वाढू लागली, वय झालं की जाऊ लागली. त्याहून महत्त्वाचं म्हणजे आनुवंशिकता आली. काळे-तपकिरी केस प्रभावी, सोनेरी आणि लाल अप्रभावी. आजीचे लाल केस मुलात दिसत नाहीत, आणि योग जुळला तर नातीत अचानक उगवतात. शिवाय प्रत्येकाच्या आठवणींची नोंद राही: पहिलं चुंबन, भावाचं लग्न, आईचं मरण. मृतांचे संदर्भ खेळाच्या माहितीत इतके गुंतलेले असत की एखादं थडगं कायमचं काढून टाकलं तर सगळ्या वस्तीचा साठवलेला खेळ बिघडू शके. जुने खेळाडू नवख्यांना म्हणूनच बजावतात की थडग्यांना हात लावू नका. याची नोंद तांत्रिक दोष म्हणून होते. मला त्यात या कलेचा पाया दिसतो. त्या खेळाला आपले मृत विसरता येत नव्हते.

याच पायावर ‘लेगसी चॅलेंज’ उभं राहिलं. पिनस्टार या टोपणनावाच्या खेळाडूने त्याचे नियम बांधले. मोठा मोकळा भूखंड, जवळजवळ रिकामा खिसा आणि एकटा मूळपुरुष किंवा एकटी मूळस्त्री. तिथून दहा पिढ्या त्याच जागेवर काढायच्या. पन्नास हजार सिमोलियन (खेळातलं चलन) फुकट देणारा ‘मदरलोड’ हा संकेतशब्द वर्ज्य. ‘द सिम्स ४’साठीच्या नियमावलीत तर वारसाचे कायदेच आहेत: वारसा मुलीकडे की मुलाकडे, थोरल्याकडे की धाकट्याकडे, दत्तक चालेल की रक्ताचंच हवं. हे आधी ठरवायचं आणि मग पाळायचं. नियमांची खरी ताकद इथे आहे. लाडकं अपत्य बाजूला पडतं, नावडतं वारस होतं, आणि त्याच्याबरोबर खेळाडूला एक अख्खं आयुष्य काढावं लागतं. निवडीचं स्वातंत्र्य स्वतःहून सोडल्यामुळे गोष्टीत जीव येतो. कमजोर बाजू पैशाची. मूळस्त्री अंगणात झोपून, मासे विकून भिंती उभ्या करते. तिसऱ्या पिढीपर्यंत घर सधन होतं, आणि पुढे गरजच उरत नाही. सातव्या आणि आठव्या पिढीत फरक राहतो तो फर्निचरचा.

२००९ मध्ये आलेल्या ‘द सिम्स ३’ने सगळं गाव एकाच वेळी जिवंत केलं. शेजारपाजारचे लोक आपल्या नकळत लग्नं करत, नोकऱ्या बदलत. घराण्याभोवती समाज आला, हा मोठा लाभ. पण वेगळे राहणारे काका-आत्या कधी मुक्काम हलवून गाव सोडून जात आणि वंशाची एक फांदी सुकून जाई.

२०१४ मधल्या ‘द सिम्स ४’ने उलटी वाट धरली. सुरुवातीला बाळ पाळण्याला जखडलेलं होतं आणि तिथून थेट शाळकरी होई. दुडुदुडु चालणारी मुलं जानेवारी २०१७ मध्ये परतली, रांगती बाळं मार्च २०२३ मध्ये आली. ही बाळं फार सुंदर घडवली आहेत. त्यांचे स्वभाव, झोपेचे हट्ट, पहिलं पाऊल, सगळं मन लावून पाहिलेलं आहे. ‘ग्रोइंग टुगेदर’ या विस्तारात तर घरातल्या दोघांमधलं नातं कडक, मोकळं की ताणलेलं हेही नोंदलं जातं. म्हणजे एका आयुष्याचं चित्रण इतकं बारीक पूर्वी कधीच नव्हतं. मात्र त्या आयुष्यांना जोडणारा धागा कच्चा आहे. जगातल्या माणसांची संख्या ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की खेळाडूने न खेळलेली माणसं खेळ आपोआप काढून टाकतो. खेळाडू त्यामुळे वंशवृक्ष ‘प्लम ट्री’सारख्या, चाहत्यांनीच बनवलेल्या साधनांत वेगळा मांडून ठेवतात. घराण्याची स्मृती खेळाबाहेर गेली आहे, आणि या कलेच्या आजच्या अवस्थेबद्दल याहून बोलकी गोष्ट नाही.

निर्मात्यांनी स्वतः घडवलेल्या गॉथ घराण्याचंही तेच केलं. पहिल्या भागातले मॉर्टिमर, बेला आणि कसँड्रा गॉथ दुसऱ्या भागात पंचवीस वर्षांनी भेटतात, तेव्हा बेला नाहीशी झालेली असते. तिसरा भाग मागे जाऊन मॉर्टिमर आणि बेलाचं बालपण दाखवतो. तीन खेळांतून पसरलेलं हे कथानक लाखो लोकांनी जीव लावून जोडलं. चौथ्या भागाने वेगळाच काळप्रवाह मानून तो धागा सोडून दिला.

अशा खेळात खेळाडूंनी काय घडवलं? २०१७ मधलं ‘नॉट सो बेरी’ हे चॅलेंज फार लोकप्रिय ठरलं. दहा पिढ्यांना दहा रंग, आणि प्रत्येक वारसाला ठरवून दिलेला स्वभाव, पेशा, ध्येय. लेगसीतला तोचतोचपणा त्याने मोडला आणि असंख्य नव्या खेळाडूंना दहाव्या पिढीपर्यंत पोचवलं. तरी माझ्या कसोटीला ते अपुरं पडतं. प्रत्येक पिढी नव्या पानावर सुरू होते. पुदिन्याच्या रंगाच्या आईचं काय अपुरं राहिलं, याच्याशी गुलाबी मुलीचं देणंघेणं नसतं.

‘डिकेड्स चॅलेंज’ने खोल नांगर घातला. इथे घराणं इतिहासातून चालतं. १८९० च्या दशकापासून सुरुवात, वीज नाही, बायकांना बहुतेक कामं बंद. ‘अल्टिमेट डिकेड्स’ तर १३०० सालापासून निघतं, आणि बाळ जगेल की नाही हे फाशाच्या दानावर ठरतं. युद्ध, साथ, दुष्काळ यांत वारस जातो, आणि आधी बाजूला पडलेल्या धाकट्यावर घर येतं. इथे मागच्या पिढीचा घाव पुढच्या पिढीला दिसतो. म्हणून खेळाडूंच्या हातून झालेलं हे सर्वांत प्रौढ काम मी मानतो. त्याचा इतिहास मात्र जवळजवळ पूर्णपणे युरोप-अमेरिकेचा आहे. १८९६ चा मुंबईतला प्लेग आणि १९८२ चा गिरणी संप यांमधून जाणाऱ्या घराण्याचे नियम लिहायला आपल्याकडच्या खेळाडूंना कुणाची परवानगी लागत नाही.

तिथे एक अडचण मात्र समोर येईल. पहिल्या भागापासून आजवर एका घरात आठच माणसं राहू शकतात. आजी-आजोबा, दोन भाऊ, दोघांचे संसार आणि एखादी परतून आलेली आत्या, एवढ्यात घर भरतं. २०२१ मध्ये मुंबईच्या फॅशन स्ट्रीटवरून स्फुरलेले कपडे खेळात आले. अंगावरचा कपडा आला, पण तो घालणाऱ्यांचं एकत्र कुटुंब मावेल अशी जागा आली नाही. ही मर्यादा यंत्राच्या ताकदीची असेलही. तिच्यामुळे विभक्त कुटुंब हाच मानवी संसाराचा साचा ठरतो, हे तरीही खरं.

घराण्याची गोष्ट आपल्याला नवी नाही. महेश एलकुंचवार यांच्या ‘वाडा चिरेबंदी’, ‘मग्न तळ्याकाठी’ आणि ‘युगान्त’ या नाट्यत्रयीत वाड्याबरोबर अढीही वारशाने उतरते. संगणकावर याच्या जवळ गेलेला खेळ म्हणजे २०२० मधला ‘क्रुसेडर किंग्ज ३’. राजा मेला की त्याची जमीन मुलांत वाटली जाते, काल सख्खे असलेले भाऊ आज दावेदार होतात, आणि खेळाडूला त्यांतल्याच एकाच्या जागी उभं राहावं लागतं. मृत्यू तिथे घराण्याच्या गोष्टीला वळण देतो. ‘द सिम्स’मध्ये घरात शोक होतो, काही दिवसांनी ओसरतो, आणि घर-पैशावरून कुणाचं भांडण होत नाही.

म्हणून निर्मात्यांकडे मागण्या स्पष्ट आहेत. खेळलेल्या घराण्यातलं कुणीही, जिवंत वा मृत, आपोआप पुसलं जाऊ नये. घरातली आठाची मर्यादा वाढावी. वाटणी, कर्ज, जुनं वैर आणि जुने उपकार यांना खेळाच्या रचनेत जागा मिळावी. खेळाडूंनीही पुढची नियमावली लिहिताना रंग आणि पेशे वाटण्याआधी विचारावं की आधीच्या पिढीचं काय उरलंय, आणि ते कोण फेडणार. ज्या घराण्याची दहावी पिढी पहिलीवाचून समजत नाही, तेच चांगलं खेळलं गेलं असं मी म्हणेन. आज असं घराणं खेळाडूच्या हट्टामुळे घडतं. ते खेळाच्या रचनेतूनच घडावं, हा आग्रह आता धरायला हवा.